कंटेनरात 'कोड' कमांड परत परत गायब होते, त्याचं काय करायचं

जुलैत सांगलीच्या आयर्विन पुलाजवळचा पाण्याचा आकडा चढायला लागला की आमचं ऑफिस ज्याच्या त्याच्या घरी जातं. इशारा पातळी ४० फुटाची, पण तिथपर्यंत कोण थांबतंय, त्याच्या आधीच सगळे लॅपटॉप पिशवीत घालून निघतात. ऑफिस म्हणजे विश्रामबागेत दोन खोल्या, आम्ही चौघं, आणि कोपऱ्यात एक दांडगं मशीन ज्याच्यावर सगळ्यांचे डॉकर कंटेनर (प्रोग्रॅम चालवायच्या वेगळ्या बंद पेट्या) चालतात, कारण पोरांच्या लॅपटॉपला ८ जीबी रॅम आणि त्यात डेटाबेस, बॅकएंड, ब्राउझर, व्हीएस कोड (प्रोग्रॅम लिहायचं एडिटर) एवढं सगळं एकदम उचलत नाही. काम मार्केट यार्डातल्या एका हळद व्यापाऱ्याचं, सौद्यात घेतलेल्या लॉटचा हिशोब. तर त्या आठवड्यात आमच्यातली सगळ्यात नवीन पोरगी तासगावातनं घरून काम करत होती आणि सकाळी साडेदहाला तिचा फोन आला, "दादा, कोड कमांड परत गेली."

त्या "परत" शब्दाला मी अडकलो. पंधरा दिवसांपूर्वी तिचं हेच झालं होतं, मीच तिला एक ओळ सांगून चालू करून दिलं होतं, त्याच्या आधी दुसऱ्या एका पोराचं झालं होतं त्यालापण तीच ओळ दिली होती, आणि दोघांचं आता परत बंद. म्हणलं आता वरवरचं काही सांगायचं नाही, मुळात काय होतंय ते बघायचं. दोन दिवस गेले त्यात पण समजलं सगळं, ते इथं लिहितोय. कमांडी मी फोनवर सांगतो तशाच वाचून दाखवल्यासारख्या लिहिल्यात, वाचत वाचत टाईप करत जा.

आधी लक्षण काय ते. व्हीएस कोडमध्ये डेव्ह कंटेनर, म्हणजे काम करायचा कंटेनर, उघडलाय, खाली टर्मिनल, म्हणजे कमांड टाईप करायची जागा, आहे, त्यात कोड, स्पेस आणि फाईलचं नाव टाकलं की ती फाईल वर एडिटरात उघडायला पाहिजे. त्याच्या जागी "कमांड नॉट फाउंड" येतं, एक्झिट कोड १२७. किंवा दुसरा मेसेज येतो, "कोड ऑर कोड-इनसायडर्स इज नॉट इन्स्टॉल्ड". किंवा तिसरा, "अनएबल टू कनेक्ट टू व्हीएस कोड सर्व्हर" आणि पुढं सॉकेटचं (दोन प्रोग्रॅमनी एकमेकांशी बोलायच्या फाईलचं) लांबलचक नाव. हे तीन मेसेज तीन वेगळ्या गोष्टी सांगतात, त्यामुळं मेसेज अक्षर न् अक्षर वाचायचा, नुसतं "चालत नाही" म्हणून पुढं जायचं नाही.

दुसऱ्या मेसेजबद्दल आधी सांगतो कारण त्यानं सगळ्यात जास्त लोक चुकीच्या रस्त्याला लागतात. मायक्रोसॉफ्टच्या तयार डेव्ह कंटेनर इमेज (कंटेनर ज्याच्यावरनं तयार होतो ते साचे) असतात ना, त्यात यूएसआर लोकल बिन मध्ये 'कोड' नावाची एक छोटी शेल स्क्रिप्ट (शेल म्हणजे टर्मिनलातल्या कमांडी वाचून चालवणारा प्रोग्रॅम) आधीच ठेवलेली असते. ती स्वतः काहीच उघडत नाही. ती पाथमध्ये, म्हणजे कमांडी शोधायच्या फोल्डरांच्या यादीत, आपल्या पुढं अजून कुठं खरी 'कोड' कमांड आहे का बघते, सापडली तर तिला काम देते, नाही सापडली तर इन्स्टॉल नाही म्हणून सांगून १२७ नं बाहेर पडते. म्हणजे मेसेज जरी "इन्स्टॉल्ड नाही" म्हणत असला तरी अर्थ एवढाच की पाथमध्ये खरी कमांड दिसत नाहीये. पण वाचणारा काय करतो, तो कंटेनरात एपीटी (लिनक्समधली इन्स्टॉल करायची कमांड) लावून अख्खं व्हीएस कोड इन्स्टॉल करायला बसतो. आमच्यातल्या एकानं केलं होतं. मग काय, रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या युजरवर चालत असल्यामुळं ते वेगळंच भांडण काढतं, सुपर युजर म्हणून चालवू नका, नो-सँडबॉक्स द्या, वेगळी युजर-डेटा डिरेक्टरी द्या. ते देऊन तरी काय उपयोग, कंटेनराला स्क्रीनच नाही, खिडकी उघडणार कुठं. शिवाय इमेज विनाकारण शेकडो एमबीनं फुगते. कंटेनरात व्हीएस कोड इन्स्टॉल करायचं नसतंच, हे आधी पक्कं डोक्यात बसवा, निम्मा त्रास तिथंच संपतो.

मग ती खरी कमांड येते कुठनं? तुम्ही कंटेनर उघडता तेव्हा व्हीएस कोड आपला एक सर्व्हर कंटेनरात टाकतो. खिडकी, बटणं, अक्षरं हे सगळं तुमच्या लॅपटॉपवर, आणि फायली वाचणं, टर्मिनल चालवणं, एक्स्टेन्शन चालवणं हे त्या सर्व्हरकडं. २०१९ च्या मे महिन्यात मायक्रोसॉफ्टनं रिमोट डेव्हलपमेंटची एक्स्टेन्शनं आणली तेव्हापासून साधारण हीच रचना आहे, फक्त आधी त्याला रिमोट कंटेनर्स म्हणायचे आणि २०२२ मध्ये नाव डेव्ह कंटेनर्स झालं, म्हणून जुनी उत्तरं शोधताना जुनं नावपण टाकून बघा. त्या सर्व्हरच्या फोल्डरात बिन, त्याच्या आत रिमोट-सीएलआय, आणि त्याच्या आत 'कोड' नावाची बारकी स्क्रिप्ट. तुम्ही टर्मिनल उघडता तेव्हा व्हीएस कोड दोन गोष्टी त्या टर्मिनलच्या हातात देतो. एक, पाथच्या अगदी सुरुवातीला त्या रिमोट-सीएलआय फोल्डरचा पत्ता जोडतो. दोन, व्हीएसकोड अंडरस्कोअर आयपीसी अंडरस्कोअर हुक अंडरस्कोअर सीएलआय नावाचं एक व्हेरिएबल देतो ज्यात एका सॉकेट फाईलचा पत्ता असतो. तुम्ही 'कोड' म्हणलं की स्क्रिप्ट त्या सॉकेटमधनं सर्व्हरला निरोप देते, सर्व्हर तुमच्या लॅपटॉपवरच्या खिडकीला सांगतो आणि फाईल उघडते. पाथ तुटला तर कमांड सापडत नाही. व्हेरिएबल तुटलं तर कमांड सापडते पण निरोप पोचत नाही. आमच्याकडं आलेला प्रत्येक किस्सा ह्या दोनपैकी एकात नाहीतर दोन्हीत बसला.

आता तासगावच्या फोनवर परत येतो. तिला म्हणलं, टर्मिनलात एको, डॉलर, पाथ टाक, पाथ सगळा मोठ्या अक्षरात, आणि जे येईल ते कोलन ते कोलन वाच. तिकडं पाऊस, आवाज तुटत होता, तरी तिनं सावकाश वाचलं. पहिलाच पत्ता जावाचा, मग यूएसआर लोकल बिन, मग यूएसआर बिन, मग बिन, संपलं. चांगल्या चालणाऱ्या कंटेनरात पहिला पत्ता कसा असतो ते माझ्या स्क्रीनवर समोर होतं, स्लॅश व्हीएसकोड, स्लॅश व्हीएसकोड-सर्व्हर, स्लॅश बिन, स्लॅश लिनक्स-एक्स-चौसष्ट, मग ४० अक्षरांची आकडे आणि अक्षरं मिसळलेली माळ, मग बिन आणि रिमोट-सीएलआय. तिच्याकडं हे नव्हतंच. यूएसआर लोकल बिन मात्र होतं, म्हणून ती छोटी स्क्रिप्ट सापडत होती आणि "इन्स्टॉल्ड नाही" म्हणत होती.

इथं एक युक्ती सांगतो, ह्या सगळ्या लिखाणातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे. पाथ गेलाय हे कळलं, पण तो टर्मिनलला मिळालाच नव्हता का मिळून नंतर कुणी पुसला, हे कसं ओळखायचं? लिनक्समध्ये प्रत्येक प्रोसेस सुरू होताना तिला मिळालेलं एन्व्हायरनमेंट (व्हेरिएबलांची यादी, पाथपण त्यातच) प्रॉक नावाच्या फोल्डरात जसंच्या तसं राहतं, नंतर शेलनं पाथ बदलला तरी तिथलं बदलत नाही. म्हणून टाका, कॅट, स्लॅश प्रॉक, स्लॅश डॉलर डॉलर, स्लॅश एन्व्हायरन, पाईप, टीआर, एकेरी अवतरणात बॅकस्लॅश शून्य, एकेरी अवतरणात बॅकस्लॅश एन, पाईप, ग्रेप, पाथ. जे येईल ते एकोवाल्या पाथशी ताडून बघा. प्रॉक मध्ये रिमोट-सीएलआय आहे आणि एकोमध्ये नाही, तर तुमच्याच शेलच्या सुरुवातीच्या फायलींनी तो खाल्ला, झेडएसएचआरसी, बॅशआरसी, प्रोफाईल असल्या. दोन्हीकडं नाही, तर ते टर्मिनलच व्हीएस कोडनं सरळ दिलेलं नाही, मध्ये कुणीतरी आहे, टीमक्स (कनेक्शन तुटलं तरी टर्मिनल चालू ठेवणारा प्रोग्रॅम), सुडो (रूटच्या अधिकारानं चालवायची कमांड), नाहीतर डॉकर एक्झेक (बाहेरनं कंटेनरात शिरायची कमांड). एका ओळीत शोध अर्ध्यावर येतो.

तिच्या प्रॉक मध्ये रिमोट-सीएलआय होतं. मग ग्रेप लावून झेडएसएचआरसीमध्ये पाथ शोधायला सांगितलं आणि ओळ सापडली, एक्सपोर्ट पाथ बरोबर, जावाचा पत्ता, कोलन, यूएसआर लोकल बिन, कोलन, आणि शेवटपर्यंत कुठंच डॉलर पाथ नाही. म्हणजे आधीचा सगळा पाथ टाकून नवीन लिहिलाय. कॉलेजात असताना जावा बसवताना कुणीतरी दिलेली ओळ, तेव्हा लॅपटॉपवर चालून गेली म्हणून कुणाला कळलं नाही. ओळीच्या शेवटी कोलन डॉलर पाथ जोडलं, नवीन टर्मिनल उघडलं, कोड स्पेस टिंब मारलं, चाललं.

आणि त्याच फाईलमध्ये टाकायला मी पंधरा दिवसांपूर्वी सांगितलेली ओळ आठवली. ती काय होती, रिमोट-सीएलआयचा तो अख्खा पत्ता, ४० अक्षरांच्या माळेसकट, पाथला जोडलेला. ती माळ म्हणजे व्हीएस कोडच्या त्या विशिष्ट आवृत्तीचा कमिट हॅश, म्हणजे तिची ओळखखूण. व्हीएस कोडचं अपडेट आलं की हॅश बदलतो, नवीन सर्व्हर नवीन नावाच्या फोल्डरात जातो, आणि कंटेनर नव्यानं बांधला (रिबिल्ड केला) की होम फोल्डरात लिहिलेली ती ओळच राहत नाही. म्हणजे माझी दुरुस्ती पुढच्या अपडेटपर्यंत नाहीतर रिबिल्डपर्यंतचीच होती. हा पत्ता असा हातानं लिहून ठेवायचा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळतो, कृपा करून घेऊ नका. आज चालतो म्हणून माणूस निवांत होतो आणि पुढच्या वेळी काय केलं होतं तेपण आठवत नाही.

अजून एक, तिची झेडएसएचआरसी तिच्या डॉटफाईल्सच्या (स्वतःच्या सेटिंगच्या फायलींच्या) गिट रिपॉझिटरीतनं येत होती, गिट म्हणजे फायलींतले बदल नोंदवून ठेवणारा प्रोग्रॅम आणि ती नोंद म्हणजे कमिट. डेव्ह कंटेनर्समध्ये सोय आहे, सेटिंगमध्ये डॉटफाईल्स रिपॉझिटरीचा पत्ता दिला की प्रत्येक नव्या कंटेनरात त्या फायली आपोआप येतात. चांगली सोय आहे, पण मग दुरुस्ती कंटेनरातल्या फाईलमध्ये केली आणि रिपॉझिटरीत पुश केली नाही तर पुढच्या रिबिल्डला जुनी चुकीची ओळ परत हजर. आणि ज्याच्याकडं डॉटफाईल्स नाहीत त्याचं उलटं, त्यानं कंटेनरात बरोबर दुरुस्ती केली तरी रिबिल्ड केलं की होम फोल्डर कोरं, दुरुस्ती गेली. ही चूक "परत परत" का येते त्याचं निम्मं उत्तर इथं आहे. दुरुस्ती जिथं टिकते तिथं करा, डॉटफाईल्स असतील तर तिथं, नाहीतर डॉकरफाईलमध्ये (इमेज कशी बांधायची ते लिहिलेल्या फाईलमध्ये). पाथला नुसता एखादा पत्ता जोडायचा असेल तर डेव्हकंटेनर डॉट जेसन, म्हणजे डेव्ह कंटेनरच्या सेटिंगच्या फाईलमध्ये रिमोटएन्व्ह खाली पाथ लिहा आणि किमतीत डॉलर, महिरपी कंस, कंटेनरएन्व्ह कोलन पाथ, कंस बंद, मग कोलन आणि तुमचा पत्ता. आणि त्या जेसनमधले बहुतेक बदल लागू व्हायला कमांड पॅलेटमधनं (व्हीएस कोडच्या कमांडींच्या यादीतनं) रिबिल्ड कंटेनर द्यायला लागतं.

सेटिंगमध्ये अजून एक जागा बघून घ्या, टर्मिनल डॉट इंटिग्रेटेड डॉट एन्व्ह डॉट लिनक्स. तिथं कुणी पाथ लिहून ठेवला असेल तर तो टर्मिनलला मिळणाऱ्या पाथच्या डोक्यावर बसतो. हे सेटिंग प्रोजेक्टच्या फोल्डरातपण असू शकतं, म्हणजे एकानं कमिट केलं की सगळ्या टीमला बाधा.

लॉगिन शेलचं वेगळं सांगायला पाहिजे. डेबियनवर (लिनक्सचा एक प्रकार) ईटीसी प्रोफाईल नावाची फाईल आहे, बॅशचं लॉगिन शेल, म्हणजे नव्यानं लॉगिन केल्यासारखं शेल, सुरू झालं की ती वाचली जाते आणि ती पाथ पहिल्यापासून नवीन लिहिते, साध्या युजरसाठी यूएसआर लोकल बिन, यूएसआर बिन, बिन आणि खेळांचे दोन पत्ते एवढाच. म्हणून टर्मिनलच्या प्रोफाईलमध्ये कुणी बॅशला डॅश एल लावून ठेवलं असेल, किंवा तुम्ही टर्मिनलात एसयू डॅश करून दुसऱ्या युजरवर गेला, की जोडलेला रिमोट-सीएलआय गेला असं समजा. डॅश एलची गरज नसेल तर काढून टाका, बहुतेक जणांना नसतेच, कुठनंतरी कॉपी करून आलेलं असतं.

सुडोचं पण तसंच. डेबियन, उबंटूवर सुडो आपला स्वतःचा ठरलेला पाथ वापरतो, त्याला सिक्युअर पाथ म्हणतात, आणि बाकीची व्हेरिएबलंपण बहुतेक सगळी झटकून टाकतो. त्यामुळं सुडो कोड करून ईटीसीतली फाईल उघडायला गेलं की पाथपण नाही आणि सॉकेटचं व्हेरिएबलपण नाही. हा दोष दुरुस्त करायच्या मागं लागू नका, ते सुरक्षेसाठी मुद्दाम तसं ठेवलेलं आहे. एखादी रूटची फाईल बदलायचीच असेल तर नॅनो (टर्मिनलातच चालणारा साधा एडिटर) वापरा, किंवा तो बदल डॉकरफाईलमध्ये लिहा, कंटेनरात तेच जास्त बरोबर.

आता टीमक्स. आमच्यात मी आणि अजून एक जण टीमक्स वापरतो, कारण सांगलीत पावसात लाईट गेली, वायफाय गेलं तरी चालू काम मरत नाही. इथं दोन्ही गोष्टी एकदम तुटतात. टीमक्स प्रत्येक नवीन भागात डिफॉल्टनं लॉगिन शेल चालवतो म्हणून वर सांगितल्याप्रमाणं पाथ जातो. आणि सॉकेट ज्या टर्मिनलासाठी तयार झालेलं असतं त्याच टर्मिनलाचं असतं, ते बंद झालं की सॉकेटपण जातं, पण टीमक्स मात्र जुनाच पत्ता उराशी धरून बसलेला असतो. लाईट येते, तुम्ही परत जोडता, टीमक्स अटॅच करता, सगळं जिथल्या तिथं दिसतं, आणि कोड म्हणलं की "अनएबल टू कनेक्ट", शेवटी ई-नो-एन्ट, म्हणजे तसली फाईलच नाही. कधी कधी सॉकेटची फाईल टेम्प फोल्डरात पडून असते पण पलीकडं ऐकणारं कुणी नसतं, तेव्हा कनेक्शन रिफ्यूज्ड येतं.

त्याला टीमक्स डॉट कॉन्फमध्ये दोन ओळी पुरतात. पहिली, सेट, डॅश जी, डिफॉल्ट-कमांड, अवतरणात डॉलर शेल. ह्यानं लॉगिन शेल होत नाही आणि पाथ टिकतो. दुसरी, सेट, डॅश जीए, अपडेट-एन्व्हायरनमेंट, अवतरणात एक मोकळी जागा सोडून ते सॉकेटचं व्हेरिएबल. ह्यानं तुम्ही व्हीएस कोडच्या नव्या टर्मिनलातनं अटॅच झाला की टीमक्स नवा पत्ता घेतो. पण लक्षात घ्या, आधीपासून उघडे असलेले भाग जुनाच पत्ता वापरत राहतात, फक्त त्याच्यानंतर उघडलेल्या भागांना नवा मिळतो. जुन्या भागातच काम करायचं असेल तर तिथं इव्हाल आणि त्याच्या आत टीमक्स शो-एन्व्हायरनमेंट डॅश एस असं देऊन नवा पत्ता ओढून घ्यायचा, मी त्याला दोन अक्षरांचं टोपणनाव लावून ठेवलंय, दिवसातनं एकदा तरी लागतं.

बाहेरच्या टर्मिनलातनं डॉकर एक्झेक करून कंटेनरात जायची सवय असेल तर तिथं कोड चालणार नाही हे गृहीत धरा. त्या शेलचा आणि व्हीएस कोडचा काही संबंधच नाही, व्हीएस कोडनं त्याला काही दिलेलंच नाही. पूर्ण पत्ता देऊन ती रिमोट-सीएलआयमधली स्क्रिप्ट चालवली तरी ती म्हणते, ही कमांड फक्त डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजमधल्या लिनक्समध्ये) किंवा व्हिज्युअल स्टुडिओ कोडच्या टर्मिनलात चालते. बरोबरच आहे तिचं, निरोप कुठल्या खिडकीला द्यायचा तेच तिला माहीत नाही. अगदीच अडलं असेल तर टेम्प फोल्डरातलं सगळ्यात नवीन व्हीएसकोड-आयपीसी नावाचं सॉकेट एलएस डॅश टी लावून शोधायचं आणि त्याचा पत्ता हातानं त्या व्हेरिएबलात भरायचा, चालतं. पण दोन खिडक्या उघड्या असतील तर फाईल भलत्याच खिडकीत उघडते, म्हणून हे रोजच्या वापरात नको. सरळ व्हीएस कोडच्या खालचं टर्मिनल वापरा.

एक बारकी गोष्ट, बॅश आणि झेडएसएच दोघंही एकदा सापडलेल्या कमांडचा पत्ता लक्षात ठेवतात. कमांडची जागा बदलली तरी जुन्या टर्मिनलात जुनाच पत्ता धरून "नो सच फाईल ऑर डिरेक्टरी" येऊ शकतं. हॅश डॅश आर टाका, विसरतं. किंवा नवीन टर्मिनल उघडा. आणि दुरुस्ती तपासताना टाईप डॅश ए कोड वापरा, पाथमध्ये जेवढ्या 'कोड' आहेत तेवढ्या सगळ्या ओळीनं दिसतात, पहिली रिमोट-सीएलआयची आणि दुसरी यूएसआर लोकल बिनची अशी आली की सगळं जागेवर आहे.

आमच्यासारखी तीन टप्प्यांची रचना असेल, लॅपटॉपवरनं एसएसएचनं (दूरच्या मशीनवर जोडायच्या सोयीनं) ऑफिसच्या मशीनवर आणि तिथनं कंटेनरात, तर प्रत्येक टप्प्यावरची 'कोड' वेगळी असते हे ध्यानात ठेवा. मॅकवाल्यांना कुणीतरी सांगतं की कमांड पॅलेट उघड आणि शेल कमांड, इन्स्टॉल कोड कमांड इन पाथ, हे दे. ते देऊन मॅकच्या स्वतःच्या टर्मिनलातली कमांड दुरुस्त होते, कंटेनरातल्याला त्याचा काहीएक फायदा नाही. विंडोजवर इन्स्टॉल करताना पाथमध्ये घाला अशी खूण असते, तीपण फक्त विंडोजपुरती. एक टप्पा दुरुस्त करून दुसऱ्याकडं बघत बसायचं नाही, प्रॉम्प्टवर होस्टनेम वाचायचं, आपण आत्ता कुठं उभे आहोत ते आधी ठरवायचं आणि मग हात लावायचा.

कुणी व्हीएस कोडच्या जागी दुसरं त्याच्यावर बेतलेलं एडिटर वापरत असेल तर कमांडचं नावच वेगळं असतं. कर्सरची कर्सर, व्हीएसकोडियमची कोडियम, इनसायडर्सची कोड-इनसायडर्स. तिथं 'कोड' शोधत बसू नका. आणि कंटेनरची इमेज फार जुनी असेल, समजा उबंटू १८.०४, तर व्हीएस कोड १.९९ पासून सर्व्हरला जीलिबसी (लिनक्समधली पायाभूत लायब्ररी) २.२८ किंवा वरचं लागतं आणि १८.०४ मध्ये २.२७ आहे, म्हणजे तिथं सर्व्हरच नीट उभा राहत नाही, कमांडची गोष्ट तर लांबच. बेस इमेज बदला, दुसरा उपाय करण्यात वेळ घालवू नका.

राहिलं गिटचं. हे लिहायला घेतलं त्याला खरं कारण तेच, कारण आमच्याकडं बहुतेकांना कमांड गेलेली कळते ती कमिट करताना. डेव्ह कंटेनर्स तुमची लॅपटॉपवरची गिट कॉन्फिग कंटेनरात आपोआप कॉपी करतं, नाव आणि ईमेल परत टाकायला लागू नये म्हणून. त्यात कोअर डॉट एडिटरला कोड डॅश डॅश वेट लिहिलेलं असेल तर तेपण येतं. मग टीमक्समध्ये नाहीतर डॉकर एक्झेकमध्ये कमिट केलं की गिट म्हणतं एडिटरमध्ये काहीतरी बिघाड आहे, आणि कमिट होत नाही. दिवसभराचं काम हातात आणि संध्याकाळी हे, फार जीव जातो. त्या पोरीचंपण त्या सकाळी कमिट अडकल्यावरच कळलं होतं. घाईत असाल तर डॅश एम लावून मेसेज तिथंच द्या, कमिट होऊन जाईल, कुणाचं काम अडणार नाही.

कायमचं करायचं असेल तर बॅशआरसी किंवा झेडएसएचआरसीच्या अगदी शेवटी, पाथच्या सगळ्या ओळींच्या खाली, एक छोटी अट टाका. सॉकेटचं व्हेरिएबल रिकामं नाही, आणि कमांड डॅश व्ही टाकल्यावर 'कोड' सापडते, आणि ते सॉकेट खरंच जागेवर आहे, हे टेस्ट डॅश एस मोठा लावून बघायचं, तिन्ही खरं असेल तर एक्सपोर्ट गिट अंडरस्कोअर एडिटर बरोबर कोड डॅश डॅश वेट, नाहीतर त्याच व्हेरिएबलला नॅनो. गिट कोअर डॉट एडिटरच्या आधी हे व्हेरिएबल बघतं त्यामुळं कॉपी होऊन आलेल्या कॉन्फिगला हात लावायला लागत नाही. फक्त इमेजमध्ये नॅनो आहे का बघून घ्या, बारक्या इमेजमध्ये तोपण नसतो, डॉकरफाईलमध्ये एक शब्द वाढवला की झालं. आता आमच्या चौघांच्या डॉटफाईल्समध्ये ही अट आहे, व्हीएस कोडच्या टर्मिनलातनं केलेला कमिट वर एडिटरात उघडतो आणि बाहेरनं एक्झेक करून केलेला नॅनोत.